पत्ता कोणाला दिला, हे दोन सर्व्हरनी लक्षात ठेवण्याचा इतिहास
नागपुरातील मे महिन्यात सर्व्हर रूमचा एसी रात्रीतून बंद पडला की काय होते, हे सीताबर्डीवरील एका कार्यालयात मी जवळून पाहिले आहे. नेटवर्कचे पत्ते वाटणारा एकुलता एक डीएचसीपी सर्व्हर तापून बंद पडला होता. रात्रभर चालू असलेले संगणक सुरळीत होते, पण सकाळी सुरू केलेल्या प्रत्येक यंत्रावर १६९.२५४ने सुरू होणारा, म्हणजे सर्व्हर न सापडल्याने यंत्राने स्वतःच घेतलेला पत्ता दिसत होता.

दुसरा सर्व्हर ठेवणे हा उपाय सोपा वाटतो आणि डीएचसीपीच्या आधीच्या, १९८५च्या बूटपी या पत्ते देण्याच्या पद्धतीत तो खरोखर सोपा होता, कारण कोणत्या यंत्राला कोणता पत्ता द्यायचा याचा तक्ता आधीच लिहिलेला असे व तोच दोन्हीकडे ठेवता येई. १९९३मध्ये आलेल्या डीएचसीपीने लीजवर, म्हणजे ठरावीक मुदतीपुरते, पत्ते देणे सुरू केले आणि खरी अडचण तिथे उभी राहिली: एकाने नुकताच दिलेला पत्ता दुसऱ्याला ठाऊक नसेल, तर तोच पत्ता दोन यंत्रांना जाऊ शकतो. म्हणून बरीच वर्षे पत्त्यांचा साठा दोन सर्व्हरमध्ये ८० आणि २० टक्के असा विभागून काम भागवले गेले.

इंटरनेटची प्रमाणे ठरवणाऱ्या आयईटीएफ या संस्थेतील फेलओव्हरच्या, म्हणजे एक सर्व्हर बंद पडल्यास दुसऱ्याने काम सांभाळण्याच्या, मसुद्याने या प्रश्नाला थेट हात घातला. त्यात सर्व्हर पत्ता मागणाऱ्या यंत्राला आधी उत्तर देतो आणि जोडीदार सर्व्हरला मागाहून कळवतो. त्यामुळे जोडीदाराने मान्य केलेल्या मुदतीपलीकडे ठरावीक काळाहून, म्हणजे एमसीएलटीहून, अधिक लीज द्यायची नाही, आणि जोडीदार गेल्याचे निश्चित झाल्यावरही तेवढा काळ थांबूनच त्याचे पत्ते वापरायचे, असा नियम त्यात आहे. जोडीदार बंद पडला की मधली केबल तुटली, हे मात्र सर्व्हरला आतून ओळखता येत नाही. ते बहुधा माणसालाच सांगावे लागते. माझ्या मते ही मर्यादा मान्य करण्यातच त्या मसुद्याचे मोठेपण आहे.

२००३मधील बाराव्या आवृत्तीनंतर तो मसुदा प्रमाण न होताच मागे पडला, तरी आयएससी डीएचसीपी या सर्व्हर सॉफ्टवेअरने तो राबवला. विंडोज सर्व्हर २०१२मध्येही फेलओव्हर आले आणि तिथे एमसीएलटी बदलला नाही तर एक तासाचा असतो. डीएचसीपीव्ही६साठीचा, म्हणजे आयपीव्ही६ पत्ते देणाऱ्या डीएचसीपीसाठीचा, फेलओव्हरचा दस्तऐवज २०१७मध्ये प्रसिद्ध झाला. आयएससी डीएचसीपीचे काम २०२२मध्ये थांबले. त्याच्या जागी आलेला किया हा सर्व्हर जोडीदाराची पोच मिळाल्यावरच यंत्राला उत्तर देतो.

त्या कार्यालयात आता दोन सर्व्हर आहेत, वेगळ्या खोल्यांत आणि वेगळ्या एसीखाली.