भुसावळच्या वायरीवरच्या छत्र्या आणि माझा जळालेला बोर्ड

भुसावळ स्टेशनवर गाडीची वाट बघत उभे असाल तर एकदा वर बघा. त्या ओव्हरहेड वायरीत २५,००० व्होल्ट असतात आणि तिला धरून ठेवणाऱ्या इन्सुलेटरला छत्र्या छत्र्या असतात. नुसता सरळ दांडा का नाही लावत? मला हे खरं कळलं ते घरी २,००० व्होल्टचा पॉवर सप्लाय बनवताना, तेही त्याचा सर्किट बोर्ड जळाल्यावर.

१ मिमी हवा तोडायला साधारण ३,००० व्होल्ट लागतात, म्हणून मी बोर्डावरच्या दोन ट्रॅकमध्ये, म्हणजे तांब्याच्या पट्ट्यांमध्ये, ३ मिमी सोडले, भरपूर झाले असं वाटलं, आणि मे महिन्यात जळगावच्या ४४ डिग्रीत बोर्ड मस्त चालला. जुलैत झड लागली तसा आतून चर्र आवाज आणि बोर्डावर काळी रेघ. उन्हाळाभर बसलेली धूळ, डाग देताना (सोल्डरिंग करताना) राहिलेला फ्लक्स, म्हणजे त्यातला चिकट राळेसारखा पदार्थ, वरून दमट हवा, मग करंट हवेतून उडी मारत नाही, बोर्डावरून सरपटत जातो. त्याने बोर्डाचं इपॉक्सी प्लास्टिक जळून कोळसा होतो, कोळशातून वीज वाहते, वाट कायमची झाली. असा बोर्ड पुसून नीट होत नाही, मी घासून पाहिलंय.

हवेतलं सरळ अंतर म्हणजे क्लिअरन्स, पृष्ठभागावरून जाताना पडणारं अंतर म्हणजे क्रीपेज. छत्र्या क्रीपेज वाढवतात, शिवाय त्यांच्या खालची बाजू पावसात कोरडी राहते. बोर्डावर आपण दोन ट्रॅकच्या मधे आरपार खाच कापायची. तापीवरचा पूल बंद असला की समोरचं गाव दिसत असूनही लांबून जावं लागतं ना, तसं.

नव्या बोर्डात ८ मिमी अंतर आणि मधे खाच. ट्रॅकचे कोपरे गोल केले, सोल्डरचे डागही गोळीसारखे, कारण टोकाशी विद्युत क्षेत्र एकवटतं आणि कोरोना, म्हणजे हवेत होणारी निळसर वीजगळती, तिथूनच सुरू होते.

रेझिस्टरकडे मात्र कोणी बघत नाही भो! पाव वॅटचा रेझिस्टर बहुतेक २५० व्होल्टच सोसतो, मग तो गरम होवो न होवो. म्हणून वीज साठवणारा कपॅसिटर रिकामा करायला १ मेगओहमचे १० सिरीजमध्ये लावले, प्रत्येकावर २०० व्होल्ट. ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ५ सेकंदात १५ व्होल्टच्या खाली येतो. पण त्या रेझिस्टरांचा एक डाग जरी सुटला तरी कपॅसिटर तसाच भरलेला राहतो, म्हणून रेझिस्टर लावलेल्या इन्सुलेटेड दांड्याने डिस्चार्ज केल्याशिवाय मी आत हात घालतच नाही.

शेवटी बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलने दोनदा धुतला, वाळवला, वार्निश मारलं. श्रावणात पाऊस चालू असताना खोलीतला लाईट बंद करून अंधारात बराच वेळ बघत बसलो. निळसर काही दिसलं नाही, ओझोनचा वासही नाही.