पार्श्वभूमी : गोठलेल्या तलावांवरचा मुक्काम आणि ‘निर्जन’ हा शब्द

अमेरिकेत मिनेसोटाच्या उत्तर टोकाला, कॅनडाच्या सीमेला लागून, हजारावर तलावांचा, बाउंड्री वॉटर्स नावाचा सुमारे ४.४ लाख हेक्टरांचा जंगलपट्टा आहे. हिवाळ्यात पायाला स्नोशू (बर्फात न रुतणारं जाळीचं पायताण) बांधून, सामानाची टोबोगन (बर्फावर ओढायची सपाट घसरगाडी) मागे ओढत लोक गटाने या गोठलेल्या पाण्यावरून चालतात आणि काठावर तंबू ठोकत पुढे जातात. कायद्याच्या भाषेत हा पट्टा ‘विल्डरनेस’ आहे. मराठीत त्याचं ‘निर्जन अरण्य’ केलं जातं आणि गफलत तिथेच होते.

पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या वाचकाला वेगळं समजवायला नको. निस्तार (जंगलातून घरच्या गरजेपुरतं घेण्याचा वहिवाटीचा हक्क) हा शब्द ज्याच्या बोलण्यात आहे, त्याच्यासाठी जंगल आणि निर्जन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जळतन, बांबू, मोहफूल, तलावातली मासोळी यांवर जिथे वहिवाट आहे, तिथे घर दिसत नसलं तरी माणूस आहे. मिनेसोटाच्या तलावांवरही अशीच वहिवाट होती. तिथले मूळ रहिवासी अनिशिनाबे लोक उन्हाळ्यात तिथे बर्चच्या सालीच्या होडीने फिरत. आपल्या ढिवरांचा डोंगा जड, ही होडी हलकी. दोन तलावांमधल्या जमिनीवरून ती खांद्यावर नेता येई. पाणी गोठलं की त्याच वाटा स्नोशूच्या होत.

स्नोशू मात्र फार जुना. इटलीच्या आल्प्स पर्वतात २००३ साली हिमनदीवर मिळालेला नमुना सुमारे ५,८०० वर्षांपूर्वीचा आहे. पण तलावांच्या प्रदेशात त्याला जो आकार आला, तो तिथल्याच बर्फातून. अ‍ॅशच्या लाकडाच्या दोन पट्ट्या वाफवून वाकवायच्या, दोन्ही टोकं निमुळती ठेवायची, पुढचं टोक वर उचलायचं आणि मधे कच्च्या चामड्याच्या वादीची जाळी विणायची. लांबी साधारण दीड मीटर, रुंदी वीत-सव्वा वीत. चिखलणी झालेल्या बांधीत फळीवर उभं राहिलं तर पाय रुतत नाही, तेच तत्त्व. चामडं ओलं झालं की जाळी सैल पडते, म्हणून तिला वॉर्निश लावतात. बांधायला सुती पट्टी बरी. धातूचं बक्कल गोठलं की हातमोजा काढावा लागतो, आणि उणे ३० अंशात उघडी बोटं काही मिनिटांत बधिर होतात.

१८५४ च्या करारात ही जमीन अमेरिकी सरकारकडे गेली. शिकार आणि मासेमारीचे हक्क मात्र मूळ रहिवाशांनी राखून ठेवले. १९०९ साली ते राखीव राष्ट्रीय जंगल झालं. १९६४ च्या कायद्याने विल्डरनेसची व्याख्या केली : जिथे माणूस पाहुणा असतो, राहत नाही, अशी जागा. ज्यांचे पूर्वज पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहिले, तेही या वाक्याने पाहुणे ठरले. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. त्यामागची समजूत नेमकी उलटी आहे, आणि तीच अधिक खरी.

तरीही १९७८ चा निर्णय वेगळा तोलावा लागतो. त्या वर्षीच्या कायद्याने मोटारबोटींवर बंधनं आणली आणि १९८४ पासून, कॅनडाकडे जाणाऱ्या दोन वाटा सोडून, स्नोमोबाइल (बर्फावर चालणाऱ्या मोटारगाड्या) बंद केल्या. आसपासच्या गावांनी कडाडून विरोध केला, कारण कित्येकांचा हिवाळी धंदा त्या गाड्यांवर होता. त्यांची तक्रार खोटी नव्हती. पण स्नोशूची विद्या तिथे टिकली, त्यात या निर्णयाचा मोठा वाटा आहे. गाडीने दाबलेली वाट नसली की प्रत्येक गटाला आपली वाट स्वतः तुडवावी लागते.

ती तुडवण्याची रीत ठरलेली आहे. पुढचा माणूस दहा-पंधरा मिनिटांनी बाजूला होतो आणि शेवटी जाऊन लागतो. मुक्काम पडला की संध्याकाळी रिकाम्या हाताने उद्याची वाट तुडवून ठेवतात. रात्रीच्या गारठ्यात ती घट्ट होते आणि सकाळी टोबोगन तिच्यावरून सरळ जाते. खरा घात स्लशचा. बर्फाच्या ओझ्याने गोठलेला थर खाली दबतो, भेगांतून पाणी वर येतं आणि वरच्या भुसभुशीत बर्फाच्या पांघरुणाखाली उणे ३० मध्येही पातळ राहतं. स्नोशू त्यात बुडाला की वर येताच त्याच्यावर दगडासारखं बर्फ चढतं, ते काठीने ठोकून काढावं लागतं. एकट्याने चालायला स्वच्छ, निळसर बर्फ किमान १० सेंटिमीटर हवं. पांढरं असेल तर दुप्पट. ओढ्याच्या तोंडाशी आणि दोन काठ जवळ येतात तिथे पाणी वाहतं राहतं आणि थर पातळ असतो, म्हणून तिथे आधी छिन्नीने भोक पाडून बघतात.

मुक्कामाची जुनी रीत सुती तंबू आणि पत्र्याची हलकी शेगडी अशी. सुती कापड श्वासाची वाफ बाहेर सोडतं. नायलॉनवर तिचा हिमकण होऊन तो अंथरुणावर गळतो. शेगडीखाली ओंडके घालतात, नाहीतर ती बर्फात खचते. मूळ रहिवासी खाली स्प्रूस-बाल्समच्या ओल्या फांद्यांचा जाड थर अंथरत आणि तंबूचे खांब तिथेच तोडत. या पट्ट्यात आता जिवंत झाड तोडायला बंदी आहे. म्हणून जास्तीत जास्त नऊ जणांचा गट फोमच्या दोन-दोन चटया आणि घडीचे खांब टोबोगनवर लादून नेतो आणि जळणाला फक्त मेलेलं, वाळलेलं लाकूड करवतीने कापतो.