लोरेटा लिन: कोळशाच्या खोऱ्यातून आलेलं गाणं

अमेरिकन गायिका लोरेटा लिनचं 'कोल मायनर्स डॉटर' (खाणकामगाराची लेक) पहिल्यांदा ऐकलं की ते एका लेकीनं आईबापांसाठी गायलेलं साधं गाणं वाटतं. डोंगरातलं लाकडी घर, रात्रभर खाणीत राबणारा बाप, कपडे घासून बोटं रक्ताळलेली आई. तीन मिनिटांत गाणं संपतं. पण ते कुठून आलं हे पाहायला बसलं, की कोळशाच्या कंपन्यांपासून रेडिओच्या मनोऱ्यांपर्यंत आणि कंट्री संगीतात, म्हणजे अमेरिकेच्या खेड्यापाड्यांतून आलेल्या गाण्यांच्या धंद्यात, बाईनं काय गावं हे ठरवणाऱ्या पुरुषांपर्यंत बरंच काही पुढ्यात येतं. मला लोरेटा लिन आवडते ती या सगळ्यासकट. तिचा आवाज सुरेख होताच, पण त्या आवाजात काय सांगायचं हे तिनं स्वतः ठरवलं, आणि तिच्या काळात, तिच्या क्षेत्रात ही गोष्ट मुळीच सोपी नव्हती.

अमेरिकेच्या केंटकी राज्याच्या पूर्वेला, ॲपलेशियन डोंगररांगांत, जॉन्सन काउंटी नावाचा जिल्हा आहे. तिथे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कन्सॉलिडेशन कोल कंपनीनं खाणी उघडल्या, मजुरांसाठी गाव वसवलं आणि त्याला आपल्याच एका संचालकाचं नाव दिलं: व्हॅन लिअर. घरं कंपनीची, दुकान कंपनीचं, डॉक्टरही कंपनीचाच. अशा गावांमध्ये मजुरी बरेचदा कंपनीनं पाडलेल्या नाण्यांत मिळायची आणि ती नाणी कंपनीच्याच दुकानात चालायची. माणूस आयुष्यभर राबायचा आणि तरी दुकानाच्या वहीत त्याच्या नावावर उधारी असायचीच.

या गावाजवळच्या बुचर हॉलो या चिंचोळ्या खोऱ्यात १४ एप्रिल १९३२ रोजी लोरेटा वेबचा जन्म झाला. आठ भावंडांतली ती दुसरी. वडील टेड वेब थोडी शेती करायचे आणि खाणीत रात्रपाळी. वारा आत येऊ नये म्हणून आई क्लॅरा घराच्या भिंतींना जुनी वर्तमानपत्रं आणि मासिकांची पानं चिकटवायची. त्या पानांत सिनेनट्यांचे फोटो असत. लोरेटा यंग ही नटी आईला फार आवडायची, म्हणून मुलीचं नाव लोरेटा. ज्या घरातून सिनेमाचं थिएटर कित्येक कोस लांब होतं, त्या घरातल्या मुलीला नाव मिळालं ते हॉलिवूडचं, तेही भिंतीवरच्या कागदातून.

घरात बॅटरीवर चालणारा रेडिओ होता. बॅटरी जपून वापरायची, पण शनिवारची रात्र मात्र 'ग्रँड ओल ऑप्री' या गाण्यांच्या कार्यक्रमाची. कंट्री संगीताचं माहेरघर असलेल्या नॅशव्हिल शहरातल्या डब्ल्यूएसएम या रेडिओ केंद्रावरून १९२५ मध्ये हा कार्यक्रम सुरू झाला होता. केंद्र एका विमा कंपनीच्या मालकीचं होतं. गावोगावच्या कष्टकरी घरांत पॉलिसी खपवायच्या तर आधी त्या घरांत पोचायला हवं, आणि पोचायचं तर त्यांचंच गाणं वाजवायला हवं, असा व्यवहार त्यामागे होता. १९३२ मध्ये, म्हणजे लोरेटाच्या जन्माच्याच वर्षी, केंद्राची ताकद ५०,००० वॅट झाली आणि रात्रीच्या वेळी त्याचा आवाज दूरदूरच्या राज्यांत पोचू लागला. डोंगरातल्या लोकांनी घराघरांत गायलेली गाणी रेकॉर्डवर यायला तेव्हा फार वर्षं झाली नव्हती. १९२७ च्या उन्हाळ्यात व्हिक्टर या रेकॉर्ड कंपनीच्या राल्फ पीअरनं ब्रिस्टल या गावी तात्पुरता स्टुडिओ थाटला आणि कार्टर कुटुंब व जिमी रॉजर्स यांचं पहिलं ध्वनिमुद्रण केलं. कंट्री संगीताचा धंदा खऱ्या अर्थानं तिथून उभा राहिला.

कार्टर कुटुंबात मुख्य आवाज सारा कार्टरचा होता आणि मेबेल कार्टरची गिटार पुढच्या पिढ्यांनी गिरवली. तरीही एकटी बाई माइकसमोर उभी राहून रेकॉर्ड खपवू शकते, यावर या धंद्याचा विश्वास बसायला १९५२ साल उजाडावं लागलं. घर सोडून दारूच्या गुत्त्यांत रमलेल्या बाईला दोष देणारं हँक थॉम्पसनचं एक गाणं तेव्हा गाजत होतं. त्याला उत्तर म्हणून किटी वेल्सनं एक गाणं गायलं: बाई बिघडते त्यात पुरुषाचाही हात असतोच. बिलबोर्ड हे मासिक खपणाऱ्या गाण्यांची क्रमवारी छापतं, त्याच्या कंट्री यादीत ते पहिल्या क्रमांकावर गेलं. एकट्या गायिकेला तो मान पहिल्यांदाच मिळाला. पण बाईची बाजू मांडणारे हे शब्दही जे. डी. मिलर या पुरुषानं लिहिलेले होते. लोरेटाच्या कामाचं मोल लक्षात यायचं तर ही बाब ध्यानात ठेवायला हवी.

१९५२ मध्ये लोरेटा गायिका नव्हतीच. जानेवारी १९४८ मध्ये, पंधराव्या वर्षी, तिचं ऑलिव्हर लिनशी लग्न झालं होतं. त्याला सगळे डूलिटल म्हणत, ती डू म्हणायची. दोघांची ओळख झाली ती शाळेच्या एका कार्यक्रमात. मुलींनी केलेल्या 'पाय' या भाजलेल्या गोड पदार्थाचा तिथे लिलाव होता. लोरेटानं पायमध्ये साखरेऐवजी मीठ घातलं होतं आणि डूनं बोली लावून नेमका तोच घेतला. लग्नानंतर दोघं देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, वॉशिंग्टन राज्यातल्या कस्टर गावी गेली. विशीच्या सुरुवातीलाच ती चार मुलांची आई होती. घरकाम, शेतावरचं काम, हंगामात स्ट्रॉबेरी तोडणं, असे तिचे दिवस जात.

डूबद्दल लिहिताना हात अडखळतो. तो प्यायचा, बाहेरख्याली होता, घरात मारहाण व्हायची. लोरेटानं हे कधी लपवलं नाही, आणि आपणही उलटून मारायचो हेही तिनं सांगून ठेवलं. त्याच डूनं १९५३ मध्ये सिअर्स या दुकानातून १७ डॉलरची हार्मनी गिटार तिला आणून दिली. पाळण्यातल्या लेकरांना ती गाऊन झोपवायची ते त्यानं ऐकलं होतं, आणि ही बाई रेडिओवरच्या गायिकांच्या तोडीची आहे हे त्याला तिच्या आधी कळलं होतं. त्यानंच तिला ढकलून ढकलून स्टेजवर उभं केलं. दोघांचा संसार १९९६ मध्ये तो जाईपर्यंत टिकला. तिच्या निम्म्या गाण्यांत तो आहे आणि बहुतेक ठिकाणी आरोपीच्या पिंजऱ्यात आहे.

गिटार ती स्वतःची स्वतः शिकली. गावातल्या सभागृहात, गुत्त्यात गाऊ लागली. फेब्रुवारी १९६० मध्ये झिरो रेकॉर्ड्स या चिमुकल्या कंपनीसाठी तिनं स्वतः लिहिलेलं 'आय ॲम अ हाँकी टाँक गर्ल' ध्वनिमुद्रित केलं. जाहिरातीला पैसा नव्हता. मग नवराबायको गाडी घेऊन निघाली. रेडिओचा मनोरा दिसला की थांबायचं, आत जायचं, रेकॉर्ड वाजवायची विनंती करायची. झोपायचं गाडीत, खायचं बोलोनी आणि चीजचं सँडविच. गाणं यादीत चौदाव्या क्रमांकापर्यंत चढलं आणि त्याच वर्षी ती ऑप्रीच्या मंचावर उभी राहिली. टेड वेब मात्र १९५९ मध्येच गेले होते. लेकीची एकही रेकॉर्ड त्यांनी ऐकली नाही.

नॅशव्हिलमध्ये तिला तेव्हाची नामांकित कंट्री गायिका पॅट्सी क्लाइन भेटली. जून १९६१ मध्ये पॅट्सी मोटार अपघातात जबर जखमी होऊन रुग्णालयात होती. लोरेटानं अर्नेस्ट टबच्या रेडिओ कार्यक्रमात पॅट्सीचंच गाणं तिच्यासाठी गायलं. पॅट्सीनं ते अंथरुणातून ऐकलं आणि नवऱ्याला पाठवून तिला बोलावून घेतलं. पुढची पावणेदोन वर्षं पॅट्सीनं या खेडवळ मुलीला कपडे दिले, मंचावर कसं वावरायचं ते शिकवलं, पैशांत फसू नकोस म्हणून बजावलं. ५ मार्च १९६३ रोजी पॅट्सी विमान अपघातात गेली. पुढच्या वर्षी लोरेटाला जुळ्या मुली झाल्या, त्यातल्या एकीचं नाव तिनं पॅट्सी ठेवलं.

डेका या रेकॉर्ड कंपनीत दोघींचा निर्माता एकच होता, ओवेन ब्रॅडली. पॅट्सीचा आवाज त्यानं व्हायोलिन आणि कोरसच्या मखमलीत बसवला होता. लोरेटाच्या बाबतीत त्यानं वेगळा विचार केला. स्टील गिटारची धार आणि केंटकीच्या डोंगरातले तिचे उच्चार त्यानं तसेच राहू दिले. हा निर्णय मला फार शहाणपणाचा वाटतो, कारण तिचे शब्द गुळगुळीत वाजले असते तर खरे वाटलेच नसते.

हे शब्द कसे सुचायचे, त्याचा एक किस्सा प्रसिद्ध आहे. कार्यक्रमाआधी एक बाई रडत रडत रंगमंचामागे आली. माझा नवरा आज दुसरीला घेऊन आलाय, म्हणाली. लोरेटानं पडद्याआडून त्या दुसरीला निरखलं आणि म्हणाली, तुझा नवरा पळवण्याइतकी ती बाई आहे कुठे! मग ड्रेसिंग रूममध्ये जाऊन तिनं तिथल्या तिथे गाणं लिहून काढलं. १९६६ चं 'यू एन्ट वुमन इनफ' ते हेच. त्याच वर्षाच्या अखेरीस आलेल्या 'डोन्ट कम होम अ-ड्रिंकिन'मध्ये तिनं बायकोच्या बाजूनं सरळ सांगून टाकलं: पिऊन आलास तर जवळ यायचं नाही. बहीण पेगी सू हिच्याबरोबर लिहिलेलं ते गाणं १९६७ मध्ये तिचं पहिलं अव्वल क्रमांकाचं गाणं ठरलं. 'फिस्ट सिटी'मध्ये तर नवऱ्यामागे लागलेल्या बाईला थेट हाणामारीची धमकी आहे. किटी वेल्सच्या गाण्यात बाई दुःख सांगत होती, तेही पुरुषानं लिहिलेलं. इथे बाई अटी घालत होती, आणि लेखणीही तिचीच होती.

आता पुन्हा खाणीकडे जायला हवं, कारण 'कोल मायनर्स डॉटर'ची वेळ पाहण्यासारखी आहे. २० नोव्हेंबर १९६८ रोजी वेस्ट व्हर्जिनियातल्या फार्मिंग्टनच्या खाणीत स्फोट झाला आणि ७८ कामगार मेले. खाण कन्सॉलिडेशन कोलची होती, व्हॅन लिअर वसवणाऱ्या त्याच कंपनीची. त्यानंतर १९६९ च्या फेब्रुवारीत वेस्ट व्हर्जिनियातल्या हजारो खाणकामगारांनी संप केला. मागणी होती 'काळ्या फुप्फुसा'च्या भरपाईची. कोळशाची धूळ वर्षानुवर्षं छातीत साठते, दम लागतो, माणूस हळूहळू घुसमटत जातो. कंपन्या आणि त्यांचे डॉक्टर हा रोग मानायलाच तयार नव्हते. लोरेटाच्या वडिलांची छातीही खाणीनंच खाल्ली होती. १ ऑक्टोबर १९६९ रोजी तिनं हे गाणं ध्वनिमुद्रित केलं आणि ३० डिसेंबरला राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी खाण सुरक्षेच्या नव्या कायद्यावर सही केली. काळ्या फुप्फुसाच्या रुग्णांना भरपाई देण्याची तरतूद पहिल्यांदाच केंद्रीय कायद्यात आली.

गाणं बाहेर आलं वर्षभरानं, १९७० च्या ऑक्टोबरमध्ये. मूळ गाणं बरंच लांब होतं. ब्रॅडलीनं तिला काही कडवी गाळायला लावली आणि ती पुढे हरवलीच. याची हळहळ तिला शेवटपर्यंत होती, मलाही वाटते. डिसेंबरमध्ये गाणं पहिल्या क्रमांकावर पोचलं. आणि ३० डिसेंबर १९७० रोजी, कायद्यावर सही होऊन बरोबर वर्ष झालं त्या दिवशी, केंटकीतल्याच हायडनजवळ हरिकेन क्रीकच्या खाणीत स्फोट होऊन ३८ माणसं गेली. लोरेटानं त्यांच्या कुटुंबीयांसाठी लुईव्हिलमध्ये मदतीचा कार्यक्रम केला. गाण्यात मात्र कुठे घोषणा नाही, कंपनीला शिव्या नाहीत. बाप काय काम करायचा, मुलांच्या पायात हिवाळ्यात बूट कुठून यायचे, एवढंच आहे. बातम्यांत खाणकामगार आकडा होऊन येत होते, त्याच महिन्यांत हा एक बाप देशभर रेडिओवर ऐकू येत होता.

१९७२ मध्ये कंट्री म्युझिक असोसिएशनचा 'एंटरटेनर ऑफ द इयर' हा सर्वोच्च पुरस्कार तिला मिळाला. तो मिळवणारी ती पहिली बाई. पण याच सुमारास तिची लेखणी मंदावली. गाण्यांचे हक्क घेणाऱ्या प्रकाशन कंपनीबरोबरचा करार गळ्याशी आला होता. तिनं लिहिलेल्या प्रत्येक गाण्यावर त्यांचा हक्क, आणि भांडण कोर्टात. म्हणून त्या काळातली तिची काही गाजलेली गाणी दुसऱ्यांची आहेत. १९७५ चं 'द पिल' हे त्यातलंच. गर्भनिरोधक गोळीला अमेरिकेत १९६० मध्ये परवानगी मिळाली होती, अविवाहित स्त्रियांना ती घेण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयानं १९७२ मध्ये मान्य केला होता, तरी खेड्यापाड्यांत त्याबद्दल कुणी उघड बोलत नव्हतं. गाणं ध्वनिमुद्रित होऊन तीन वर्षं पडून राहिलं. आल्यावर अनेक रेडिओ केंद्रांनी ते वाजवायला नकार दिला. तरी ते पाचव्या क्रमांकापर्यंत गेलं. शब्द तिचे नसले तरी लहान वयात पाठोपाठ चार बाळंतपणं सोसलेल्या बाईनं ते गावं यात वेगळाच अधिकार होता. ऐकणाऱ्या बायकांना तो बरोबर कळला.

पुढचं अनेकांना ठाऊक आहे. १९७६ मध्ये आत्मचरित्र, १९८० मध्ये त्यावरचा सिनेमा, त्यात लोरेटाची भूमिका करणाऱ्या सिसी स्पेसेकला ऑस्कर. १९८४ मध्ये थोरला मुलगा जॅक बेनी नदीत बुडून गेला, ते दुःख तिनं आयुष्यभर वागवलं. २००४ मध्ये, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, रॉक संगीतातल्या जॅक व्हाइटबरोबर तिनं 'व्हॅन लिअर रोझ' हा अल्बम केला. यातली गाणी पुन्हा तिची स्वतःची होती. शीर्षकगीत आईवर आहे: खाणीच्या गावातली देखणी पोर, जिच्यामागे सगळे लागले होते आणि जिनं एका गरिबाला पसंत केलं. अल्बमला दोन ग्रॅमी मिळाले. तिला नव्यानं ऐकणाऱ्यानं मी तरी इथूनच सुरुवात करावी म्हणेन, मग १९६६-६७ च्या रेकॉर्डकडे जावं. या अल्बममध्ये आवाज जरा जाड झालेला आहे, पण बोलण्याची तऱ्हा तीच.

४ ऑक्टोबर २०२२ रोजी, नव्वदाव्या वर्षी, टेनेसीतल्या हरिकेन मिल्सच्या घरी ती झोपेतच गेली. त्याआधी दीडेक वर्ष तिचा शेवटचा अल्बम आला होता, 'स्टिल वुमन इनफ'. त्यात रिबा मॅकएन्टायर, कॅरी अंडरवुड, टान्या टकर आणि मार्गो प्राइस तिच्यासोबत गायल्या आहेत. टान्या टकरबरोबर तिनं जे गायलं, ते पंचावन्न वर्षांपूर्वी ड्रेसिंग रूममध्ये लिहिलेलं 'यू एन्ट वुमन इनफ'च.