भोंग्यात न आलेला बेस : सोप्या रिफची पार्श्वभूमी

बेस गिटारवरचा सोपा रिफ म्हंजे तीन-चार सुरांचा तोच तुकडा, गाणं संपेपर्यंत फिरत राहणारा. तो आज विदर्भातल्या तालुक्याच्या गावांतल्या पोट्ट्यांना एवढा का आवडून राहिला हे समजायचं असेल तर नुसता गिटारचा इतिहास पाहून भागत नाही, आपल्या गावात आवाज कशातून पोचला तेही पाहावं लागते. माझ्या मते खरी गोष्ट तिथंच आहे.

फार जुना भाग थोडक्यात. युरोपात 17व्या शतकात खालच्या सुरांची एकच ओळ धरून ठेवायची आणि वर चाल खेळवायची अशी रीत होती, पुढं अमेरिकेत बूगी-वूगी पियानोत डावा हात हेच करायचा. आपल्याकडं तबल्याच्या सोलोला पेटीवर लेहरा (एका आवर्तनाची तीच ती चाल) धरतात तेही हेच काम. लेहरावाला काही बदलत नाही म्हणूनच तबलावाल्याला पाहिजे तिकडं जाऊन समेवर परत येता येते. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या खंजेरी भजनावर वाढलेल्या मुलखाला तेच तेच फिरण्यातली गोडी वेगळी शिकवायची गरजच नव्हती, अन् हे मी कौतुकानंच म्हणतो.

इलेक्ट्रिक बेस 1930च्या दशकातच अमेरिकेत सिएटलला एकानं बनवला होता पण तो चालला नाही. चालला तो 1951मधे कॅलिफोर्नियातून आलेला, चार तारांचा, तारेची वाजणारी लांबी 34 इंच असलेला, पट्टीवर फ्रेट (सुरांच्या जागा ठरवणाऱ्या धातूच्या आडव्या पट्ट्या) असलेला. त्याआधीचा उभा डबल बेस वाहून न्यायला अवघड आणि ड्रमपुढं दबून जायचा. फ्रेट आल्यानं साध्या गिटारवाल्यालाही सुरात बेस वाजवता येऊ लागला. सगळ्यात जाड तार मोकळी वाजवली की साधारण 41 हर्ट्झचा (सेकंदाला 41 कंपनांचा) सूर निघते, हा आकडा लक्षात ठेवा, पुढं लागेल.

सुरुवातीला बेसचं काम म्हंजे कॉर्डचा (एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या जुडग्याचा) मूळ सूर देणं. 60च्या दशकाच्या शेवटाकडं फंक नावाच्या ठेक्यावर चालणाऱ्या अमेरिकन संगीतात चित्र पालटलं, कॉर्ड जवळपास जागेवर थांबले आणि बेसचा तुकडाच गाण्याचा कणा झाला. 1972मधे एका अमेरिकन सोल ग्रुपचं गाणं आलं, अल्बमवर जवळपास 12 मिनिटांचं, आणि त्यात बेस एकच छोटा तुकडा वाजवत राहते, सुरांपेक्षा मधली रिकामी जागाच जास्त. त्या रिकाम्या जागेत व्हायोलिन येतात, ट्रम्पेट येते, गाणारे येतात, बेस हलत नाही. मला विचाराल तर सोप्या रिफची ताकद समजायला हे एक गाणं पुरेसं आहे. जमैकात तर बेस सगळ्यात पुढं आला, गिटार ऑफबीटवर (दोन ठोक्यांच्या मधल्या जागेवर) मागं सरकली, आणि एकाच बेसलाइनवर वेगवेगळ्या गायकांनी आपापली गाणी म्हणायची पद्धत पडली, तिला तिकडं रिदिम म्हणतात. 1979मधे न्यूयॉर्कच्या एका डिस्को गाण्याची बेसलाइन त्याच वर्षी एका रॅप रेकॉर्डनं पुन्हा वाजवून वापरली, वाद झाला, शेवटी मूळ लिहिणाऱ्यांना श्रेय मिळालं. चार सुरांचा तुकडा कोणाच्या मालकीचा, हा प्रश्न तेव्हापासून सुटला नाही. आपल्याकडं डिस्कोची लाट 1980च्या 'कुर्बानी'तल्या 'आप जैसा कोई'नं आणली, ते गाणं रेकॉर्डच लंडनला झालं होतं.

आता आपल्या गावात या. त्या काळात खेड्यात गाणं ऐकू यायचं ते लग्नाच्या मांडवावर नाहीतर कडुनिंबाला बांधलेल्या भोंग्यातून, आणि भोंगा खालचे सूर देतच नाही. त्याच्या रचनेमुळं साधारण 300 हर्ट्झच्या खालचं बहुतेक सगळं गळून जाते, आवाज दोन शेतं पलीकडं जाते पण त्यात बेस नसते. गाणं घरोघरी पाठ होतं, बेसलाइन मात्र कोणाला माहीत नव्हती. कानाची एक खुबी अशी की वरचे उपस्वर (मूळ सुरासोबत निघणारे बारीक उंच सूर) ऐकू आले तर मेंदू खालचा सूर स्वतःच भरून घेते, पण भोंग्यात एवढी फाटाफाट असायची की तेही धड होत नव्हतं. म्हणून बेसचा इतिहास आपल्याकडं गिटारपासून सुरू होत नाही, बॉक्सपासून होते. कॅसेटचे डेक आले, लाकडी पेटीतले मोठे स्पीकर आले आणि मग लोकांच्या छातीला पहिल्यांदा कळलं की गाण्याच्या खाली आणखी एक गाणं चालू असते.

अन् नेमका बॉक्स गावात आला त्याच सुमाराला ऑर्केस्ट्रावाल्यांनी बेस गिटारवाला काढला. यावर जुन्या कलाकारांत आजही एकमत नाही म्हणून इथं थोडं थांबतो. कॅसिओ आला (कोणत्याही कंपनीचा कीबोर्ड असो, गावात तो कॅसिओच), त्यात पट्टीचे दोन भाग करता यायचे, डाव्या हाताला बेसचा आवाज, उजव्या हाताला चाल, किंवा ऑटो रिदम लावला की एक बोट दाबून कॉर्ड, ड्रम, बेस सगळंच. बाजूनं बोलणारे म्हणतात की एक माणूस कमी झाला, गाडीत एक जागा वाचली, जड अ‍ॅम्प वाचला, लोडशेडिंगमधे लहान कॅसिओ सेलवर तरी चालला, दुर्गोत्सवाची सुपारी ज्या पैशात घ्यायची त्यात हे करावंच लागत होतं. हे सगळं खरं आहे. भीमजयंतीच्या कार्यक्रमांत काय किंवा झाडीपट्टीत वडसा भागातल्या नाटकांच्या पुढ्यात बसणाऱ्या वादकांत काय, खर्चाचं गणित असंच होतं.

पण गेलं काय ते सांगितलंच पाहिजे. ऑटो रिदमचा बेस कॉर्ड पाहून हलते. कॉर्ड बदलला की मूळ सूर, पाचवा सूर, परत मूळ सूर, बस. रिफ तसा नसते, त्याचं स्वतःचं वाक्य असते, कॉर्ड बदलला तरी कधीकधी तो आपलंच म्हणत राहते आणि त्या ओढाताणीतच मजा असते. दुसरं म्हंजे सूर कुठं तोडायचा. बेस गिटारवाला डाव्या हाताची बोटं थोडी उचलून तार दाबून टाकते, सूर जागच्या जागी मरते, ती शांतता किकच्या (पायानं वाजवायच्या मोठ्या ड्रमच्या) ठोक्याला जागा देते. कॅसिओवर हे करणारे होते, पण ज्याचं सगळं लक्ष उजव्या हातातल्या चालीवर आहे त्याच्याकडून रात्रभर ते होणं कठीणच. माझं स्पष्ट मत आहे की तो निर्णय पोटासाठी बरोबर आणि गाण्यासाठी चुकीचा होता.

यावर लोक जमैकाचं उदाहरण देतात, तेही नीट पाहू. 1985मधे तिथं एका छोट्या कॅसिओतल्या तयार 'रॉक' ताल-बेसवर एक रिदिम बनला आणि त्यावर शेकडो गाणी झाली, पूर्ण मशीनचा बेस, गिटारवाला नाही. बरोबर. पण तिथं माणसानं तो एक तुकडा निवडला, त्याचा वेग कमी केला आणि गाणंभर तोच ठेवला. आपल्याकडं मशीन निवडत गेली अन् माणूस तिच्या मागं गेला. फरक एवढाच आहे आणि तो लहान नाही.

सोपा रिफ मैदानात का टिकते याचं एक साधं कारणही आहे. 41 हर्ट्झची लाट 8 मीटरपेक्षा लांब असते, ती समोरच्या शाळेच्या भिंतीवरून परत येते, मांडवात घुमते. त्यात भराभर सूर टाकले की सगळा कालवा होते, दोन सूर आणि मोकळी जागा टाकली तर शेवटच्या रांगेलाही वळण कळते. म्हणून 2003मधे आलेला तो सात सुरांचा प्रसिद्ध रॉक रिफ जगभरच्या फुटबॉल मैदानांत लोक तोंडानंच गातात. तो बेस गिटारवर वाजलेलाही नाही, साध्या गिटारचा आवाज पेडलनं एक सप्तक खाली नेला होता, तरी सगळे त्याला बेसचाच समजतात.

डीजे आल्यावर उलटं झालं. भोंग्यात बेस नव्हता, आता बेसशिवाय काही नाही. सबवूफर (फक्त खालच्या सुरांचे मोठे स्पीकर) एवढे चढवतात की सगळे सूर एकाच उंचीचे वाटतात, धडधड राहते, तुकड्याची चाल बुडते. रात्री 10ला बंद करायचा नियम 2000 सालापासून आहे पण त्यात आवाज किती हे पाहतात, सूर वेगवेगळे ऐकू येतात का हे पाहणं त्याचं कामही नाही. आजची पोट्टे मंडळी रिफ शिकते ती मोबाइलवर व्हिडिओ पाहून, आणि मोबाइलचा स्पीकर पुन्हा भोंग्यासारखाच, खालचे सूर देत नाही, म्हणून हेडफोन लावूनच बसावं लागते. दर्यापूर असो की उमरखेड, शिकणारा पहिल्यांदा तो तीन सुरांचा तुकडा दहा मिनिटांत बसवते, आणि मग तोच तुकडा न घाई करता, न सजवता पाच मिनिटं सलग धरायला त्याला महिने लागतात.