पायथन ३ नं जुने प्रोग्राम का मोडले

इंदूरच्या खजुरी बाजारात जुनी पाठ्यपुस्तकं स्वस्तात मिळतात, आणि गणिताचं पुस्तक दहा-पंधरा वर्षांचं असलं तरी बिघडत नाही. पायथन या संगणकाच्या भाषेचं मात्र बिघडतं. २०१० च्या आसपास छापलेलं पुस्तक घेऊन अकरावीतली मुलगी बसली, तर बहुधा पहिल्याच उदाहरणावर अडते. पुस्तकात ‘प्रिंट’पुढे मजकूर सरळ अवतरणचिन्हांत दिलेला असतो, आणि आजचा पायथन म्हणतो की कंस राहिले. सीबीएसईनं अकरावी-बारावीतून सी++ काढून पायथन आणल्यापासून रामबाग काय आणि लोकमान्य नगर काय, आई-वडिलांचा प्रश्न एकच असतो: भाषा तीच आहे ना, मग चालत का नाही? चूक मुलीची नाही आणि छापखान्याचीही नाही. ही मोडतोड भाषा बनवणाऱ्यांनी जाणूनबुजून केली, आणि तिचं कारण कंसापेक्षा बरंच मोठं होतं.

ख्विदो फान रॉसम यांनी १९८९ च्या नाताळच्या सुट्टीत पायथन लिहायला घेतली. ॲमस्टरडॅमच्या ज्या गणित-संगणक संस्थेत ते काम करत, तिथेच आधी एबीसी नावाची नवशिक्यांसाठीची भाषा तयार झाली होती. ओळी आत सरकवून गट दाखवायची पद्धत पायथननं तिच्याकडूनच घेतली. ०.९.० ही पहिली आवृत्ती फेब्रुवारी १९९१ मध्ये लोकांच्या हाती आली. जगातल्या लिप्यांना एकाच तक्त्यात बसवणाऱ्या युनिकोडची पहिली आवृत्ती आली त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात. म्हणजे भाषा तक्त्यापेक्षा काही महिन्यांनी मोठी. तेव्हाच्या पायथनला मजकूर म्हणजे बाइटांची, म्हणजे ० ते २५५ मधल्या संख्यांची, रांग, एवढंच ठाऊक होतं. एक बाइट, एक अक्षर. इंग्रजीला ते पुरेसं होतं.

आपल्याकडे तेव्हा गंमत अशी की देवनागरीची अडचण संगणकाला दिसतच नव्हती. मध्य प्रदेशातल्या टायपिंगच्या दुकानांमधून वर्षानुवर्षं कृतिदेव फॉन्ट चालला. त्यात पडद्यावर दिसते देवनागरी, पण फाइलीत साठतात ती इंग्रजी अक्षरं. पायथनला अशी फाइल दिली तर ती मुकाट्यानं वाचायची, कारण तिच्या लेखी ते निरर्थक का होईना, पण इंग्रजीच होतं. खरा गोंधळ सुरू झाला तो लोक युनिकोडमध्ये लिहायला लागल्यावर.

ऑक्टोबर २००० मध्ये आलेल्या २.० मालिकेत युनिकोडची सोय होती, पण जुनं काही मोडायचं नाही म्हणून ती शेजारी जोडलेली. एक जुना, बाइटांचा मजकूर आणि अवतरणाआधी ‘यू’ लावलेला दुसरा, युनिकोडचा. दोन्ही एकत्र आले की पायथन आपणहून एकाचं दुसऱ्यात रूपांतर करायची, आणि ते करताना गृहीत धरायची की बाइटांच्या मजकुरात फक्त आस्कीतली, म्हणजे मुळात इंग्रजीचीच, अक्षरं आहेत. हे गृहीतक फार घातक ठरलं. समजा, एखाद्या मराठी वाचनालयाच्या सभासदांची यादी आहे. नावं रोमन लिपीत आहेत तोवर प्रोग्राम वर्षभर बिनबोभाट चालेल. ज्या दिवशी पहिलं ‘पाटील’ देवनागरीत आलं, त्या दिवशी कोसळेल, तेही चूक जिथे आहे तिथे नाही, भलत्याच ओळीवर. लिहिणाऱ्यानं अमेरिकेत बसून चाचणी घेतली असेल तर त्याला हे कधी दिसणारच नाही.

बाकीचे चटकेही कमी नव्हते. यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे युनिकोड बाइटांत साठवायच्या रूढ पद्धतीत, देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं, त्यामुळे ‘इंदूर’ची लांबी पायथन २ सांगायची १५. नावांची यादी छापली की नावांऐवजी सोळाच्या पद्धतीतल्या संख्यांची माळ यायची. टिप्पणीत, म्हणजे संगणकानं वाचायचीच नाही अशा ओळीत, एक मराठी शब्द टाकला आणि फाइलीच्या सुरुवातीला लिपीची घोषणा केली नाही, तर प्रोग्राम सुरूच व्हायचा नाही.

३ डिसेंबर २००८ ला पायथन ३.० आली ती हे मुळातून निस्तरायला. मजकूर म्हणजे युनिकोड, बाइट म्हणजे बाइट. दोन्हींची आपोआप सरमिसळ बंद. प्रोग्रामची फाइल यूटीएफ-८ मध्ये आहे असंच धरलं जाऊ लागलं. चलाला ‘वय’ असं देवनागरी नाव देता येऊ लागलं, आणि वापरणाऱ्यानं ‘१२३’ असं देवनागरी आकड्यांत टंकलं तर त्याची संख्याही होते. (प्रोग्राममध्ये थेट संख्या लिहायची तर आकडे इंग्रजीच लागतात.)

एवीतेवी जुने प्रोग्राम मोडणारच होते, म्हणून इतर जुनी दुखणीही त्याच वेळी काढली. ‘प्रिंट’ ही खास आज्ञा होती, ती साधं फंक्शन झाली, आणि फंक्शनला जे द्यायचं ते कंसात लिहावं लागतं. कंस आले ते त्यामुळे. ७ भागिले २ चं उत्तर आधी ३ यायचं, ते ३.५ झालं. याची पूर्वसूचना तर २००१ च्या २.२ मध्येच दिली होती. वापरणाऱ्याकडून मजकूर घेणारी ‘इनपुट’ आधी तो टंकलेला मजकूर प्रोग्राम म्हणून चालवून बघायची, हा उघड धोका होता, तोही गेला.

इथवर निर्णय बरोबर होते असं मला वाटतं. अंमलबजावणी मात्र फसली. ३.० ही २.५ पेक्षा साधारण १० टक्के हळू होती. आपोआप रूपांतर करणारं साधन दिलं होतं, पण बाइट कुठे आणि मजकूर कुठे, हे ते ओळखू शकत नव्हतं. ते माणसालाच ठरवावं लागे. आकडेमोडीची लायब्ररी (तयार प्रोग्रामांचा संच) नमपाय २०१० मध्ये आणि वेबसाइट बनवायची जँगो २०१३ मध्ये पायथन ३ वर आली. तोवर ज्यांचं काम त्यांच्यावर अवलंबून होतं ते हलणार कसे? २०१० मध्ये आलेली २.७ ही त्या मालिकेतली शेवटची. तिची मुदत २०१५ ला संपायची होती, ती २०१४ मध्ये वाढवून २०२० केली. वर्गांनी आणि पुस्तकांनी याच काळात जुनीच आवृत्ती धरून ठेवली. तडजोडीही झाल्या: २०१२ च्या ३.३ मध्ये अवतरणाआधीचा ‘यू’ परत चालू केला, म्हणजे एकच फाइल दोन्हीकडे चालावी. १ जानेवारी २०२० ला पायथन २ चा आधार संपला.

३.० नंतर अशी झेप पुन्हा कुणी घेतली नाही. ३.६ मध्ये मजकुरात चलाची किंमत भरायची सोपी सोय आली, जी आज प्रत्येक वर्गात शिकवतात. ३.८ मधल्या एका नव्या चिन्हावरून इतका वाद झाला की फान रॉसम २०१८ मध्ये प्रमुखपदावरून बाजूला झाले, आणि कारभार पाच जणांच्या निवडलेल्या मंडळाकडे गेला. ३.९ पासून दर ऑक्टोबरात एक आवृत्ती असा नेम आहे. शिकणाऱ्याच्या दृष्टीनं मला सगळ्यात मोलाची वाटते ती २०२१ ची ३.१०: कंस बंद करायचा राहिला तर नेमका कोणता, हे ती सांगते. त्याआधी पुढच्याच ओळीवर बोट दाखवलं जायचं आणि मूल तिथे शोधत बसायचं. ३.११ सरासरी १.२५ पट वेगवान झाली, पण शाळेतल्या प्रोग्रामला तो फरक जाणवणारही नाही.

देवनागरीचं सगळं मिटलं असं मात्र नाही. ‘इंदूर’ची लांबी आता ५ येते; वाचणाऱ्याला अक्षरं दिसतात ३, कारण अनुस्वार आणि दुसरा ऊकार वेगळे मोजले जातात. शब्द उलटा केला तर ऊकार दऐवजी रला चिकटतो. सभासदांची नावं क्रमानं लावली तर ती युनिकोडच्या तक्त्याप्रमाणे लागतात: ‘क्ष’ ची नावं कमध्ये जातात आणि ‘ळ’ लनंतर लगेच येतो. मराठी वर्णमालेचा क्रम हवा असेल तर वेगळी लायब्ररी जोडावी लागते. आणि विंडोजवर मराठी मजकुराची फाइल उघडताना ती यूटीएफ-८ मध्ये आहे हे अजून स्पष्ट लिहावं लागतं. तेच गृहीत धरायचा बदल ३.१५ साठी मंजूर झालेला आहे. तोवर ते न लिहिल्यास ‘इंदूर’च्या जागी चित्रविचित्र युरोपीय अक्षरं येतात, नाहीतर प्रोग्राम मध्येच थांबतो.