ग्रिमचा लसूणघास आणि ‘थंडीची सवय’

“पीक वर्षानुवर्षं थंडीत ठेवलं की त्याला थंडीची सवय होते,” असं भलेभले मानतात. वेंडेलिन ग्रिम या जर्मन शेतकऱ्याची गोष्टही अशीच सांगितली जाते. त्याच्या शेतातल्या झाडांना मात्र सवय वगैरे काही झाली नव्हती.

ग्रिम 1857 साली बाडेनमधल्या क्युल्सहाइमहून अमेरिकेत, मिनेसोटाच्या कार्व्हर परगण्यात आला. सोबत सात ते नऊ किलो लसूणघासाचं बी होतं. बाडेनमध्ये या पिकाला ‘एविगर क्ले’ म्हणजे कायम टिकणारा चारा म्हणत. 1858 च्या वसंतात पेरणी झाली. मिनेसोटाच्या हिवाळ्यात पारा उणे 30 अंशांखालीही उतरतो. बरीच झाडं मेली. वाचलेल्यांचं बी धरायचं आणि तेच पुन्हा पेरायचं, हे त्याने पंधराहून अधिक वर्षं केलं.

यात खरं काय घडलं? एका किलोत लसूणघासाच्या सुमारे साडेचार लाख बिया मावतात, म्हणजे त्याच्याकडे निदान तीस लाख बिया होत्या. आणि त्या एकसारख्या नव्हत्या. या पिकाचं फूल स्प्रिंगसारखं ताणलेलं असतं. मधमाशी बसली की आतला दांडा फटकन उसळतो, तिच्या अंगाला पराग लागतो आणि ती तो पुढच्या झाडावर नेते. शिवाय गुणसूत्रांचे दोन नाही, चार संच. त्यामुळे जवळपास प्रत्येक बी म्हणजे वेगळी जुळणी. ग्रिमच्या बियाण्यात पिवळ्या फुलांच्या काटक भावंडाचंही रक्त होतं. म्हणून त्याच्या वाणात जांभळ्यासोबत हिरवट आणि पिवळी फुलंही दिसत.

दिवस लहान होऊ लागले की काटक झाड वाढ आवरतं आणि मुळातल्या पिष्टाची साखर करतं. गोठताना बर्फ आधी पेशींच्या बाहेर धरतो आणि आतलं पाणी ओढून घेतो; त्या ओढीत पेशीचं आवरण फाटू नये म्हणून साखर उपयोगी पडते. शरद ऋतूतही वाढत राहणारं झाड हा साठा पाल्यावर खर्च करतं आणि जमिनीलगतच्या बुडख्यातले कोंब मरतात. उशिरा कापणी केली तरी हेच होतं, म्हणून थंड प्रदेशात कडक हिमाआधी चार ते सहा आठवडे विळा थांबवतात. ओल्या जमिनीचा धोका आणखी वेगळा: पाणी गोठून माती फुगते, बुडखा वर उचलला जातो आणि मूळ तुटतं.

वेळेत वाढ न आवरणारी झाडं दर हिवाळ्यात गळाली. परागाची देवाणघेवाण उरलेल्यांतच झाली आणि पिढीगणिक सरासरी सरकली. बियाण्यापुढे मंत्र म्हटल्याने ते कणखर होतं असं सांगणारे आजही भेटतात. मंत्राने जनुकांचं प्रमाण बदलत नाही. नाजूक झाडं बी धरण्याआधी मेली, तर बदलतं.

ग्रिम 1890 साली वारला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मिनेसोटा विद्यापीठाने या वाणाची दखल घेतली आणि तो उत्तर अमेरिकेच्या थंड पट्ट्यात पसरला.

आपल्याकडे निवड नेमकी उलटी हवी. राहुरी कृषी विद्यापीठाचा आर. एल. 88 हा लसूणघासाचा वाण हिवाळ्यात थांबत नाही, म्हणूनच ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या पेरणीनंतर 50-60 दिवसांत पहिली आणि पुढे 25-30 दिवसांनी एकेक कापणी मिळते. ‘अतिथंडीचा’ म्हणून मिळणारं बी इथे पेरलं, तर दिवस लहान होताच ते वाढ आवरतं आणि गोठ्याला हिरवा चारा हवा असतो त्याच महिन्यांत कापणी लांबते.