याद्यांमधले सामाईक घटक: पंचकार्डापासून पायथनच्या सेटपर्यंत

दोन याद्यांत सामाईक काय हे शोधायचं, तर एका यादीतली प्रत्येक नोंद दुसरीतल्या प्रत्येक नोंदीशी ताडून पाहायची, ही सगळ्यात सरळ आणि सगळ्यात महाग रीत. दहा-दहा हजार नोंदींच्या दोन याद्या असल्या, की तुलना 10 कोटींवर जाऊ शकतात. त्या टाळायच्या तर याद्यांची आधी तयारी करावी लागते. या कामाचा इतिहास म्हणजे याच तयारीचा इतिहास.

1937 साली आयबीएमने अमेरिकेच्या सामाजिक सुरक्षा योजनेसाठी 077 कोलेटर, म्हणजे भोकं पाडून माहिती नोंदवलेली कार्डं (पंचकार्डं) जुळवणारं यंत्र, बनवला. क्रमाने लावलेले पंचकार्डांचे दोन गठ्ठे शेजारी चालायचे. ज्याचा क्रमांक लहान, ते कार्ड पुढे सरकायचं, क्रमांक सारखे निघाले की जोडी जमली. गठ्ठ्यात एक कार्ड जरी क्रम सोडून असलं तरी जोड्या हुकू शकायच्या, कारण यंत्र मागे फिरत नसे. क्रमवार याद्यांवर दोन निर्देशक (यादीत आपण कुठवर आलो हे दाखवणाऱ्या खुणा) चालवणारा आजचा कोड नेमका असाच चालतो आणि असाच चुकतो.

1940 च्या दशकात ब्रिटनमध्ये बॅटन यांनी पेटंटांच्या शोधासाठी वेगळी वाट काढली. प्रत्येक विषयाला एक कार्ड, आणि प्रत्येक कागदपत्राची जागा सगळ्या कार्डांवर तीच. विषय लागू असेल तिथे भोक, म्हणजे प्रत्येक कार्ड ही एक यादीच. हवी ती कार्डं एकावर एक ठेवून उजेडात धरली की आरपार दिसणारी भोकं म्हणजे उत्तर. इथे दोन याद्या असोत वा पाच, पाहायचं एकदाच! आजच्या बिटमॅप अनुक्रमणिकेचं, म्हणजे भोकाऐवजी 0 आणि 1 ठेवणाऱ्या सूचीचं, मूळ तत्त्व हेच.

1953 मध्ये आयबीएमचे हान्स पीटर लून यांनी हॅशिंगची कल्पना मांडली आणि क्रम लावायची गरजच उरली नाही. नोंदीवरूनच तिची जागा काढता येते, त्यामुळे शोध सरासरीने एका पायरीत होतो. पायथन या प्रोग्रामिंग भाषेत सेट, म्हणजे हॅशिंगवर चालणारा आणि प्रत्येक घटक एकदाच ठेवणारा संग्रह, 2003 साली वेगळं मोड्यूल म्हणून आला, 2004 च्या 2.4 आवृत्तीत तो भाषेचाच भाग झाला, आणि 2008 च्या 2.6 पासून इंटरसेक्शनला (छेद, म्हणजे सामाईक घटक काढणाऱ्या क्रियेला) एकाच वेळी अनेक याद्या देता येऊ लागल्या. मात्र आतमध्ये छेद जोडीजोडीनेच काढला जातो, म्हणून सगळ्यात लहान सेट पहिला द्यावा. सेटमध्ये क्रम आणि पुनरावृत्ती दोन्ही हरवतात. किती वेळा आलं हेही हवं असेल तर पायथनचाच काउंटर, म्हणजे प्रत्येक घटकाची मोजणी ठेवणारा संग्रह, वापरावा.

मराठी मजकुरात एक खोच आहे. ‘दुसऱ्या’मधला ऱ एकाच संकेतांकाने (संगणकातल्या अक्षराच्या क्रमांकाने) लिहिता येतो किंवा र आणि नुक्ता (खालचा टिंब) जोडून, एनएफसी सामान्यीकरण, म्हणजे युनिकोडची एकसारखं रूप देणारी प्रक्रिया, केली की हे दोन्ही एक होतात. पण र, हलन्त आणि झेडडब्ल्यूजे (अक्षरं जोडणारं अदृश्य चिन्ह) असं टंकलेलं ‘दुसर्‍या’ एनएफसीनंतरही वेगळंच राहतं. डोळ्यांना शब्द तोच, सेटला मात्र दुसरा. ‘र-हलन्त-झेडडब्ल्यूजे’च्या जागी ‘ऱ-हलन्त’ घालायची बदली, सेट बनवण्याआधी, सगळ्या याद्यांवर स्वतःच करावी लागते.